मधोमध जुळतं, कडेला फुटतं: कागद आणि ओएचपी शीटची छपाई जुळवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पळत्या घोड्याचं सहा फ्रेमचं हलतं चित्र बारीक पट्ट्यांत विणून, म्हणजे सहाही फ्रेमच्या पट्ट्या आळीपाळीने शेजारी ठेवून, साध्या कागदावर छापलं. त्यावरून सरकवायची काळ्या पट्ट्यांची जाळी ओएचपी शीटवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या फिल्मवर छापली. मधल्या भागात घोडा नीट पळतो, पण डाव्या-उजव्या कडेला दोन-दोन पावलं एकमेकांत मिसळतात. कडा जुळवायला जावं तर मध्य बिघडतो. हात कितीही स्थिर ठेवला तरी हेच. हे कसं सुधारायचं?

यात हाताचा दोष नाही. दोन्ही फायलींमध्ये माप एकच असलं तरी कागदावर आणि फिल्मवर ते थोडं वेगवेगळं उतरलं आहे. त्यामुळे जुळवाजुळव करत बसण्याऐवजी फरक मोजायचा आणि तेवढी दुरुस्ती जाळीच्या फाइलमध्ये करायची.

आधी आकडे पाहू, म्हणजे किती नेमकेपणा लागतो ते कळेल. ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) एक पिक्सेल ०.०४२३ मिमीचा. प्रत्येक फ्रेमची पट्टी ६ पिक्सेल रुंद धरली तर ती ०.२५४ मिमी होते. सहा फ्रेम मिळून एक आवर्तन ३६ पिक्सेलांचं, म्हणजे १.५२४ मिमीचं. जाळीचं आवर्तनही तेवढंच: ६ पिक्सेलांची फट आणि ३० पिक्सेलांचा काळा पट्टा. १५० मिमी रुंद चित्रात अशी ९८ आवर्तनं बसतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या पट्टीहून, म्हणजे ०.१२७ मिमीहून जास्त फरक साचला की शेजारची फ्रेम फटीतून डोकावायला लागते. ०.१२७ ला १५० ने भागलं की उत्तर येतं ०.०८५ टक्के. हजारात एकाहूनही कमी! साध्या प्रिंटरवर कागद आणि फिल्म यांच्यात ०.१ ते ०.५ टक्के फरक पडणं हे रोजचंच आहे. म्हणून पहिल्या प्रयत्नात सगळं जुळलं नाही यात आश्चर्य काहीच नाही.

पुढे काही करण्याआधी जाळी चित्रावर ठेवा आणि काळे-उजळ पट्टे कसे दिसतात ते नीट बघा. या पट्ट्यांना मोआरे म्हणतात, आणि चूक कुठे आहे ते तेच सांगतात. मोआरेचे पट्टे फटींना समांतर असतील तर मापाचा फरक आहे. फटींना आडवे, जवळजवळ काटकोनात असतील तर जाळी फिरलेली आहे. तिरके असतील तर दोन्ही. पट्टे वाकडे, नागमोडी असतील तर फिल्म छपाईच्या वेळी घसरली आहे, किंवा कागद कुठेतरी फुगला आहे. संख्याही बघा. डावीकडून उजवीकडे पूर्ण तीन पट्टे मोजता आले, तर ३ आवर्तनं म्हणजे साधारण साडेचार मिमी फरक पडला. १५० मिमीत साडेचार म्हणजे सुमारे ३ टक्के. एवढा मोठा फरक कागद आकसून पडत नाही. एका छपाईला ‘फिट टू पेज’ (चित्र पानात बसवायला आकार बदलणारा पर्याय) लागलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. उलट दोन्ही कडांमध्ये जेमतेम एका फ्रेमचा फरक असेल तर तो ०.१७ टक्क्यांचा आहे, आणि त्याचं कारण कागदात किंवा प्रिंटरच्या यंत्रणेत शोधायचं.

फाइल आणि ड्रायव्हर

इथल्या चुका सगळ्यात मोठ्या असतात आणि सगळ्यात लवकर सुटतात. फ्रेम आधी अंतिम पिक्सेल-मापाला आणायच्या आणि मगच विणायच्या. विणल्यानंतर चित्र एका पिक्सेलानेही लहान-मोठं करायचं नाही, कारण तसं केलं की शेजारच्या पट्ट्यांचे रंग एकमेकांत मिसळतात. १५० मिमी म्हणजे ६०० डीपीआयला ३५४३ पिक्सेल. फाइलमध्ये डीपीआय नोंदलेला आहे का तेही तपासा. पीएनजी किंवा टिफ वापरा, जेपेग नको. वर्ड प्रोसेसरमध्ये चित्र चिकटवून छापू नका, तो गुपचूप आकार बदलतो. पीडीएफ करताना चित्रांचं रिझोल्यूशन कमी करण्याचा आणि जेपेगमध्ये बदलण्याचा पर्याय बंद करा. छापताना ‘अॅक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के. हे प्रोग्रॅमच्या खिडकीत एकदा आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये पुन्हा, असं दोन्हीकडे पाहावं लागतं. बॉर्डरलेस छपाई बंद ठेवा, कारण ती चित्र थोडं फुगवून कडा कापते.

डीपीआय प्रिंटरला मानवेल असा निवडा. एप्सनच्या इंकजेटचा ड्रायव्हर ३६० किंवा ७२० च्या हिशेबाने चालतो, कॅननचा ३०० किंवा ६०० च्या. ६०० ची फाइल ७२० वाल्याला दिली की ड्रायव्हर प्रत्येक पट्टीचं माप स्वतःच्या अंदाजाने बसवतो, मग काही पट्ट्या सात पिक्सेलांच्या होतात तर काही आठच्या.

चित्र शक्यतो निव्वळ काळं-पांढरं ठेवा, सावल्यांसारख्या आकृत्यांचं. करड्या छटा छापताना लेझर प्रिंटर त्यांचे ठिपके करतो, आणि त्या ठिपक्यांची जाळी साधारण आपल्या पट्टीएवढ्याच मापाची असते. म्हणजे आपण न मागितलेली दुसरी जाळी चित्रात येते आणि तिचं मोआरे वेगळंच. जाळीचा काळा रंगही फक्त काळ्या टोनरचा (लेझर प्रिंटरच्या पुडीचा) किंवा शाईचा हवा. चार रंग मिळून केलेल्या काळ्यात रंग एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत आणि फटीच्या कडेला रंगीत किनार उमटते. टोनर-बचत बंद. कडा गुळगुळीत करण्याचा पर्याय असेल तर तोही बंद.

प्रिंटरची कोणती दिशा भरवशाची

प्रिंटरच्या दोन दिशा सारख्या नेमक्या नसतात. इंकजेटमध्ये हेड डावी-उजवीकडे फिरतं आणि त्याची जागा मागे ताणलेल्या बारीक रेघांच्या पारदर्शक पट्टीवरून वाचली जाते. खाली कागद आहे की फिल्म, याने त्या मापात फरक पडत नाही. कागद पुढे सरकतो तो मात्र रबरी रोलरच्या भरवशावर, आणि तिथे फिल्म घसरते. लेझरमध्येही आडवं माप फिरत्या आरशावर आणि भिंगांवर ठरतं, तर उभं माप ड्रम आणि रोलर यांच्या वेगावर. फिल्म आणि कागद यांच्या जाडीत व पकडीत फरक असला की उभं माप बदलतं.

म्हणून फटी नेहमी कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेला समांतर ठेवा. मग आवर्तन आडव्या दिशेला मोजलं जातं. इंकजेटवर यासोबत दुतर्फी छपाई बंद करायलाच हवी. ड्रायव्हरमध्ये ती ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडायरेक्शनल’ नावाने असते. ती चालू असेल तर हेडच्या जातानाच्या आणि येतानाच्या रेघा किंचित सरकतात आणि उभ्या फटींच्या कडा दातेरी येतात.

कागद आणि फिल्म एकाच प्रिंटरवर, एकाच ट्रेमधून, एकाच बाजूने आत घाला. प्रत्येक यंत्राचा थोडा तिरकेपणा असतोच. दोन्हींवर तो सारखाच आला तर त्रास होत नाही.

फिल्म प्रिंटरला योग्य असलेलीच वापरा. इंकजेटची फिल्म लेझरमध्ये घातली तर तिचा लेप फ्यूजरच्या (टोनर कागदावर पक्का करणाऱ्या तापत्या भागाच्या) उष्णतेने वितळून आत चिकटतो आणि यंत्र कायमचं बिघडू शकतं. लेझरची फिल्म इंकजेटमध्ये घातली तर शाईचे थेंब तसेच राहतात, सुकत नाहीत. इंकजेट फिल्मची छापायची बाजू ओळखायची तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा, लेपाची बाजू किंचित चिकटते.

कागद हलतो

खरा गुन्हेगार बहुतेक वेळा कागदच असतो. हवेतल्या ओलाव्याने तो वाढतो आणि कोरडा पडला की आकसतो. पॉलिएस्टर फिल्मवर ओलाव्याचा परिणाम त्या मानाने फारच थोडा. लेझरचा फ्यूजर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, त्यातून कागद कोरडा आणि आकसलेला बाहेर येतो. पुढच्या काही तासांत तो हवेतलं पाणी पुन्हा घेतो आणि वाढतो. सकाळी जुळलेलं संध्याकाळी जुळत नाही, त्याचं हे कारण. इंकजेटमध्ये उलटं: शाईने भिजून आधी फुगतो, मग सुकताना आकसतो. म्हणून मोजमाप छपाईनंतर लगेच घेऊ नका. छापलेला कागद सपाट, उघडा, २४ तास ठेवा आणि मगच जाळीची दुरुस्ती ठरवा.

कागदाचे तंतू एका दिशेने असतात आणि तंतूंना आडव्या दिशेला कागद कितीतरी जास्त हलतो. ए४ कागदात तंतू बहुधा लांब बाजूला समांतर असतात. आता वरची सूचना आठवा: फटी सरकण्याच्या दिशेला समांतर, म्हणजे आवर्तन आखूड बाजूवर. ती नेमकी तंतूंना आडवी, सगळ्यात जास्त हलणारी दिशा. प्रिंटरला सोयीचं ते कागदाला गैरसोयीचं. यातून एक सोपी वाट आहे. लांब बाजूला तंतू असलेला ए३ कागद मधोमध कापला की दोन ए४ मिळतात आणि त्यांत तंतू आखूड बाजूला समांतर असतात. तंतूंची दिशा पाहायला कागदाचा छोटा चौकोन एका बाजूने ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गुंडाळला जातो, त्या अक्षाला तंतू समांतर.

पण याहूनही चांगला उपाय आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. चित्रही ओएचपी शीटवरच छापा आणि त्याच्या मागे कोरा पांढरा कागद ठेवा. मग चित्र आणि जाळी एकाच पाकिटातल्या फिल्मवर, एकाच यंत्रातून, एकाच उष्णतेतून गेलेली असतात. आकसली तर दोन्ही सारखीच आकसतात, आणि मागचा कागद फुगला तरी काही बिघडत नाही. मापाच्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. लेझरवर आणखी एक काळजी घ्यायची असेल तर दोन्ही फिल्म आधी कोऱ्याच एकदा प्रिंटरमधून काढा. उष्णतेने जे आकसायचं ते बरंचसं पहिल्याच फेरीत आकसून जातं.

कागदच हवा असेल तर तो मागच्या पुठ्ठ्याला चिकटवताना पाण्याचा गोंद किंवा खळ अजिबात नको, त्याने कागद आडवा वाढतो. दुहेरी चिकटपट्टीची शीट किंवा फवारणीचा गोंद घ्या. गरम लॅमिनेशनही टाळा.

फरक मोजायची शिडी

पट्टीने मोजून ०.१ टक्का कळत नाही. १८० मिमीत ०.१ टक्का म्हणजे ०.१८ मिमी, तो स्टीलच्या चांगल्या पट्टीवरही भरवशाने वाचता येत नाही. मोआरे मात्र हाच फरक डोळ्याला दिसेल एवढा मोठा करून दाखवतं, म्हणून मोजमापही त्यालाच करू द्या.

कागदावर १८० मिमी रुंद, उभ्या रेघांची एक जाळी छापा: ६ पिक्सेल काळे, ६ पांढरे, आवर्तन १२ पिक्सेलांचं म्हणजे ०.५०८ मिमी. फिल्मवर तशाच जाळीचे नऊ आडवे थर एकाखाली एक छापा, प्रत्येक १५ मिमी उंच. हीच आपली शिडी. पहिल्या थराचं माप ९९.६ टक्के, पुढचा ९९.७, असं करत शेवटचा १००.४. प्रत्येक थराशेजारी त्याचा आकडा छापा. फिल्म कागदावर ठेवा, सरळ जुळवा आणि हळूच आडवी सरकवा. ज्या थरात डावीपासून उजवीपर्यंत सगळं एकदम काळवंडतं आणि एकदम उजळतं, तो तुमचा आकडा. बाकी थरांत मोआरेचे पट्टे एका बाजूने दुसरीकडे धावताना दिसतील. लागोपाठचे दोन थर सारखेच वाटले तर मधला आकडा धरा. इथे मोआरेचा एक पूर्ण पट्टा ०.२८ टक्के फरक दाखवतो, म्हणजे पाव पट्ट्याचा अंदाज आला तरी ०.०७ पर्यंत पोचलात, आणि आपल्याला ०.०८५ च हवं होतं.

हा आकडा त्या प्रिंटरचा, त्या कागदाचा, त्या फिल्मचा आणि त्या दिशेचा असतो. कागदाचं पाकीट बदललं की शिडी पुन्हा छापा.

दुरुस्ती जाळीत करा, चित्रात नाही

समजा आकडा १००.२ आला. विणलेलं चित्र ०.२ टक्क्याने लहान करायला गेलात तर पट्ट्या मिसळतील. जाळी मात्र नुसती काळी-पांढरी आहे, तिला धक्का लागत नाही. ०.२ टक्के म्हणजे दर ५०० पिक्सेलांमागे एक पिक्सेल, किंवा साधारण दर १४ आवर्तनांमागे एक. ३५४३ पिक्सेलांच्या जाळीत एकूण ७ पिक्सेल वाढवायचे. ते सगळे एका जागी नाहीत तर समान अंतरावर, आणि प्रत्येक वेळी काळ्या पट्ट्यात. फटीत नाही. माप कमी करायचं असेल तर काळ्या पट्ट्यातूनच एकेक पिक्सेल काढायचा. प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर प्रत्येक फटीची सुरुवात अशी काढा: फटीचा क्रमांक गुणिले ३६ गुणिले १.००२, आणि उत्तर जवळच्या पूर्णांकात. चित्र-संपादकाच्या मोठं-लहान करण्याच्या आदेशाने हे करू नका, तो कडांना करडे पिक्सेल घालतो.

फट छापताना अरुंद होते, कारण शाई किंवा टोनर दोन्ही बाजूंनी थोडा पसरतो. चित्र अंधारलेलं वाटलं तर फट ७ पिक्सेल आणि पट्टा २९ करा. बेरीज ३६ राहिली पाहिजे. फट रुंद करताना पट्टा तेवढाच कमी करायला विसरणं ही हमखास होणारी चूक आहे, आणि मग सगळं जुळलेलं माप पुन्हा बिघडतं.

जाळी आणि चित्र यांमधलं अंतर

माप अगदी बरोबर असूनही चौकटीत बसवल्यावर कडा फुटल्या, तर अंतराकडे पाहा. जाळी डोळ्याला चित्रापेक्षा जवळ असते, म्हणून ती किंचित मोठी दिसते. किती मोठी, तर दोघांमधल्या अंतराला डोळ्याच्या अंतराने भागा. ओएचपी शीट साधारण ०.१ मिमी जाडीची असते. ती चित्रावर सपाट टेकली असेल, शाईची बाजू वर असली तरी ३५० मिमीवरून पाहताना चूक ०.०२ टक्क्याच्या आसपास येते आणि सोडून देता येते. शाईची बाजू खाली करून सरकवली तर टोनर घासून निघतो, त्यामुळे सरकणाऱ्या जाळीला शाई वरच बरी. पण फिल्म गुंडाळी धरून मध्येच १ मिमी उचलली गेली तर तेवढ्या भागात चूक ०.२९ टक्के होते.

मध्ये २ मिमीचा अॅक्रेलिक आला तर गोष्ट आणखी बदलते. अॅक्रेलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे १.४९, म्हणून २ मिमी जाडी हवेतल्या १.३४ मिमीसारखी वागते. ३५० मिमीवरून पाहताना ०.३८ टक्के फरक, १५० मिमीत ०.५७ मिमी, म्हणजे दोन पट्ट्यांहून जास्त. अशा वेळी जाळी ९९.६२ टक्के करा, आणि शिडीतून आलेली दुरुस्ती त्याला गुणा. शिवाय माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे ६३ मिमी अंतर असतं. या मांडणीत फटी उभ्या असतील तर दोन डोळ्यांना दिसणाऱ्या जागांत ०.२४ मिमी फरक पडतो, जवळजवळ अख्खी एक पट्टी. डाव्या डोळ्याला एक फ्रेम, उजव्याला दुसरी! छपाई कितीही शुद्ध असली तरी हा गोंधळ जात नाही. एक डोळा मिटून पाहा, चित्र लगेच स्वच्छ झालं तर दोष अंतराचा आहे. जाड काचेमागे चित्र ठेवायचंच असेल तर फटी आडव्या घ्या आणि जाळी वर-खाली सरकवा.

सरकवताना कोन

जाळी अंशाच्या थोड्याशा भागानेही फिरून चालत नाही. १०० मिमी उंच चित्रात अर्धी पट्टी चुकायला ०.०७ अंश पुरतो. म्हणून फिल्म कापताना तिच्या मूळ कडेवर विसंबू नका. जाळीच्या फाइलमध्येच कापायची रेघ छापा आणि स्टीलची पट्टी त्या रेघेला लावून कापा. प्रिंटरमध्ये फिल्म तिरकी गेली असली तरी रेघ आणि फटी एकमेकींशी काटकोनातच राहतात.

पाकिटासारख्या म्यानात ०.३ मिमी मोकळीक ठेवली आणि फिल्म १५० मिमी लांब असली, तर ती तेवढ्यातच ०.११ अंश फिरू शकते. वरून-खालून घट्ट बसवली तर फिल्म अडकते, फुगते. त्यापेक्षा वरची बाजू मोकळी सोडा आणि फिल्म नेहमी खालच्या एकाच सरळ कडेवर टेकून सरकेल अशी रचना करा. कड प्लास्टिकच्या किंवा धातूच्या पट्टीची हवी, कागदाची घडी झिजते. एका फ्रेमसाठी ०.२५४ मिमी आणि पूर्ण फेरीसाठी १.५२४ मिमी सरकणं पुरतं, त्यामुळे खूप मोठी वाट द्यायची गरज नसते.

जेव्हा दोन्ही चित्रं एकाच जागी बसायला हवीत

सरकत्या जाळीत माप आणि कोन जुळला की झालं, सुरुवातीची जागा कुठेही असली तरी चालते. मोनी नाओर आणि अदी शमीर यांनी १९९४ साली मांडलेल्या दृश्य गूढलेखनात तसं नाही. तिथे दोन निरर्थक ठिपक्यांची चित्रं एकमेकांवर ठेवली की मजकूर दिसतो, आणि प्रत्येक चौकोन आपल्याच जोडीदारावर बसावा लागतो. साध्या प्रिंटरवर त्याचा एक बारीक चौकोन १ मिमीहून लहान घेऊ नका. दुरुस्ती आडवी आणि उभी अशी दोन वेगळ्या आकड्यांनी करावी लागते. म्हणून शिडी दोनदा छापायची, दुसऱ्यांदा रेघा आडव्या घेऊन. छापलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्णही मोजा. ते वेगळे निघाले तर छपाई समांतरभुज चौकोनासारखी झुकली आहे, आणि एक फिल्म उलटी करून ठेवलीत तर तो झुकाव दुप्पट दिसेल. दोन्ही फिल्मची छापलेली बाजू एकाच दिशेला ठेवा.

जुळवायच्या खुणांना साधी फुली पुरत नाही. चारही कोपऱ्यांत व्हर्नियर छापा: कागदावर १.० मिमी अंतराच्या अकरा रेघा, फिल्मवर ०.९ मिमी अंतराच्या अकरा. कितवी रेघ कितव्यावर तंतोतंत बसते ते १० पट भिंगातून पाहिलं की ०.१ मिमीपर्यंत वाचता येतं. चारही कोपरे एकाच रेघेवर आले की खालून उजेड असलेल्या काचेवर दोन्ही शीट धरा आणि एकाच कडेला चिकटपट्टीची बिजागरी करा. पुन्हा पुन्हा काढून ठेवायचं असेल तर बिजागरी लावलेल्या अवस्थेतच दोन्हींना एकत्र भोकं पाडा. साध्या ऑफिस पंचची भोकं ६ मिमीची आणि ८० मिमी अंतरावर असतात, त्यांत घट्ट बसतील अशा खुंट्या लाकडी पट्टीवर बसवा. दोन शीटना वेगवेगळी भोकं पाडली तर या सगळ्या खटाटोपाचा उपयोग नाही, पंच दर वेळी अर्धा मिमी इकडे-तिकडे बसतोच.